सांबप्पाची मऊ गादी

सेलूच्या जिनिंगवर तीस वर्षं काढलेला सांबप्पा कापूस नुसता चिमटीत धरून त्याची प्रत सांगायचा. गुर्मीही तेवढीच! लेक शिवरंजनी बाळंतपणाला माहेरी आली होती. दवाखान्यातल्या सिस्टरनं तिला बजावलं होतं, बाळ सपाट, घट्ट अंथरुणावर उताणं निजवायचं. उशी नको, मऊ गादी तर नकोच. म्हणून ती लेकराला जमिनीवर सतरंजी घालून निजवायची.

"जिनिंगवाल्याची नात फरशीवर? लोकं थुकतील तोंडावर!" सांबप्पा भडकला. निवडक कापूस आणून त्यानं गादी भरून घेतली. हात ठेवला की मनगट बुडावं अशी मऊ. शिवरंजनी म्हणाली, "नको अप्पा, घट्ट अंथरुणावर उताणंच निजवायचं असतं लेकराला. ही मोठी झाल्यावर वापरू." त्याला ते लय लागलं.

एके दुपारी पिंगळीहून विहीणबाई पार्वतीबाई नात बघायला आल्या. लेक न्हाणीत होती. हाच मोका! सांबप्पानं एकवीस दिवसांची नात रुद्राणी गादीवर कुशीवर निजवली आणि विहीणबाईंना पाणी द्यायला अंगणात गेला. बाई आत येऊन बघतात तर काय, लेकराचं तोंड गादीत रुतलेलं, ओठ निळे! त्यांची किंकाळी ऐकून शिवरंजनी ओल्या केसांनी धावली, पोर उचलली, पाठ चोळली. कसाबसा टाहो फुटला. तसंच ऑटोत घालून दवाखाना गाठला. थोडक्यात वाचली, डॉक्टर म्हणाले.

व्हरांड्यात पार्वतीबाईंनी सुनेला धारेवर धरलं. "आई हायस का कोण? असं निजवत्यात व्हय लेकराला?"

शिवरंजनीनं एकदा बापाकडं बघितलं. "चुकलं, आत्या," ती म्हणाली.

आता तरी बोल की, सांबप्पा! पण विहिणीपुढं इज्जत जाईल म्हणून सांबप्पा मुकाट उभा, आणि लेक त्याच्या वाटणीचं ऐकून घेतेय. शरमेनं त्याला मान वर करवेना.

"नातीला मी पिंगळीला नेते. हिच्या भरवशावर न्हाई ठेवायची," पार्वतीबाई म्हणाल्या.

"मी निजवली," सांबप्पा एकदम बोलला. "ही न्हाणीत होती. तुमाला गादी दावायची हौस मला. आन हिनं माझं झाकलं, तरी मी गप बसलो. थू माझ्या जिनगानीवर!"

थोड्या वेळानं शिवरंजनीनं पोर त्याच्यापुढं धरली. त्यानं हात मागं घेतले.

"माझ्याकडं नको देऊ, पोरी. कसं निजवायचं ते आधी शिकव मला."

तिचे डोळे भरून आले.

"शिकवलं होतं की, अप्पा," ती म्हणाली.