आत्यानं गूळ मागितला होता

तुमच्या घरातलं म्हातारं माणूस रोज कोणकोणत्या गोळ्या घेतं, हे डबा न उघडता सांगता येईल तुम्हाला? मला येत नव्हतं. आणि मी पत्रकं लिहिणारी! आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली, वनजमिनीची, रेशनची. त्यांच्यावरच मी वाचायला शिकले. टोकावड्याच्या बाजारात ‘माहिती हा तुमचा हक्क आहे’ असे कागद मी अनोळखी माणसांच्या हातात कोंबले. आत्याच्या गोळ्यांची पुडी मात्र कधी उघडून पाहिली नाही.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्यातच असते. तिला शुगरची गोळी मुरबाडच्या सरकारी दवाखान्यातून मिळायची, कागदाच्या पुडीत. मग कल्याणच्या एका डॉक्टरनं दुसरी लिहून दिली. सरकारी गोळी चालू आहे हे आम्ही सांगितलं नाही, त्यानं विचारलं नाही. त्याला पुढचा पेशंट हवा होता. दुकानदारानं पट्टी कातरून दिली. औषधाचं नाव त्याच्याकडच्या तुकड्यावर राहिलं.

एक पिवळी, एक पांढरी. आत्या दोन्ही घ्यायची.

“दोन कशाला गं?” मी एकदा विचारलं होतं.

“सरकारी एकटीला जोर नाय गो. नांगराला एक बैल जुपतात का?”

मी हसले. तेवढंच केलं.

त्या दिवशी गोळ्या घेऊन ती भाजी निवडत बसली होती. जेवण व्हायचं होतं. तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले.

“वाईच गूळ दे गो.”

“शुगर आहे तुला, आणि गूळ खातेस?” मी डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला.

“तू कवापासून डाक्तरीण झालीस?” ती चिडली. भिंत धरून उठली, फळीकडे हात केला आणि कोसळली.

मुरबाडला पोचेपर्यंत ती शुद्धीवर नव्हती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर तिनं डोळे उघडले. तिथल्या डॉक्टरबाईंनी सरकारी केसपेपर आणि कल्याणची चिठ्ठी शेजारी ठेवली.

“औषध एकच आहे, नावं दोन. शुगर पार खाली गेली होती. शुद्धीत होत्या तेव्हा काही गोड दिलंत का?”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं.

खुब्याचं हाड मोडलं. आत्या आता खाटेवरच असते. ताटात काही गोड दिसलं की मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, “डाक्तरणीला इचारा रे, चालंल का मला?” सगळे हसतात. मला हसता येत नाही.

चिठ्ठी इंग्रजीत, पट्टीवरचं नाव कातरलेलं, आणि गोळी गिळणारी आत्या निरक्षर. यावर मी पत्रक लिहीन, सरकारला जाब विचारीन. पण घरात वाचता येणारी मी होते, आणि मी वाचलं नाही.

म्हणून आज एवढं करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या सगळ्या गोळ्या, पुड्या, बाटल्या एका पिशवीत भरा. सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही त्यात टाका. ती पिशवी एकाच डॉक्टरसमोर रिकामी करा आणि विचारा, यातली दोन औषधं एकच तर नाहीत ना? मनानं कुठली गोळी बंद करू नका. प्रत्येक गोळी कशाची, कधीची, ते मोठ्या मराठी अक्षरांत लिहून भिंतीवर लावा आणि त्यांना वाचून दाखवा. आणि शुगरची गोळी घेणारं माणूस घामानं भिजून, थरथरत गूळ मागत असेल, तर शहाणपणा शिकवू नका. आधी गूळ द्या.