खिंडीतलं फाटक

इस्पितळाच्या धुलाईखान्यात सगळ्या तिला ‘इस्त्री’ म्हणायच्या. कपड्यांमुळे नव्हे, डोक्यामुळे. तापली की जवळ जायची सोय नाही, आणि निवायला तर बाई फारच वेळ घ्यायची. दिवसभर यंत्रातून ओल्या चादरींचे बोजे ओढून काढायचे, गाडीवर घालायचे, वाळवायला ढकलायचे. दंड असे झालेले की घरात झाकण अडकलेली बरणी नवऱ्याकडे नाही, तिच्याकडे यायची.

सायकल तिला शिकवली ती धाकट्या दिरानं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणायचं, बाई कृतघ्न हो!

दिराला सगळं गाव ‘चॅम्पियन’ म्हणायचं. डोंगरातली लांब पल्ल्याची सायकल शर्यत, म्हणजे उजाडता निघायचं ते दिवस कलेपर्यंत दगडधोंड्यांतून, ओढ्यांतून, जमेल तिथे बसून आणि जमणार नाही तिथे सायकल खांद्यावर टाकून. बायका-पुरुष सगळे एकत्रच सुटायचे आणि चॅम्पियन सगळ्यांच्या पुढे यायचा. “वहिनी, तुम्ही नुसती पूर्ण केलीत तरी मी पेढे वाटीन,” म्हणाला होता. वहिनीनं पूर्ण केली. पेढे काही आले नाहीत. पुढच्या खेपेला खिंडीच्या चढावर वहिनी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून होती, आणि तिथेच सगळं बिनसलं.

खिंड ओलांडली की छोटासा उतार, आणि उताराच्या तळाशी लोखंडी फाटक. डोंगरावर मेंढ्या चरतात, त्यांच्यासाठी ते. तिथला रिवाज असा, की मागचा दिसत असेल तर पुढच्यानं फाटक उघडं धरून ठेवायचं. दिसत नसेल तर लावून, कडी घालून जायचं. शर्यत असो, नाहीतर घराला आग लागलेली असो, हा रिवाज कुणी मोडत नाही. म्हणून तर मागचा माणूस त्या उतारावर ब्रेक न लावता सुसाट येतो.

ती तशीच आली. चॅम्पियन फाटकापलीकडे उभा होता. त्यानं मागे वळून पाहिलं, सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं, आणि फाटक तिच्या अंगावर ढकलून दिलं.

उजव्या मनगटाचे तुकडे झाले. “वाऱ्यानं आपटलं हो,” चॅम्पियन सगळ्यांना सांगत सुटला. “मी मागे बघितलंच नाही!” वारा कसला डोंबलाचा! गवताचं पातं हलत नव्हतं त्या दिवशी. पण पंचांनी मान डोलावली. सासू म्हणाली, “दिरावर असा आळ घेतात का? घरातलं घरात ठेव.” आणि नवरा, ज्यानं निदान एकदा तरी तिच्या बाजूनं बोलायचं, तो भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, “अगं, धाकटा आहे माझा. तो असं करेलच कसा?”

तेव्हापासून तिनं नवऱ्यापुढे हा विषय काढला नाही.

मनगटावरच्या प्लास्टरवर सगळ्यांनी काहीबाही लिहिलं होतं. चॅम्पियननं सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘लवकर बऱ्या व्हा वहिनी!’ प्लास्टर कापल्यावर डॉक्टर ते टाकायला निघाले, तर तिनं त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं आणि घरी कपाटावर ठेवलं. सासू करवादायची, “हे काय अभद्र जपून ठेवलंयस?” ती म्हणायची, “असू द्या. आठवण आहे.”

धुलाईखान्यात बोजे उचलणं सुटलं, तिला घड्या घालायच्या टेबलावर बसवलं. तिथे बसून ती घड्या घालायची आणि मनातल्या मनात फाटक लावायची. त्याच फाटकात, त्याच उतारावर, त्याचंच मनगट. दुसरं काही नको होतं तिला, पहिला नंबरसुद्धा नको होता. मनगटात बळ आलं तशी ती कामावरून परस्पर डोंगरावर जायला लागली. थंडी म्हणू नका, चिखल म्हणू नका. मैत्रिणी म्हणाल्या, “इस्त्री, जाऊ दे ना आता.” ती म्हणाली, “जाईल. एकदा फाटकापर्यंत गेलं की जाईल.”

तीन वर्षांनी ती पुन्हा शर्यतीत उतरली. चॅम्पियननं सुरुवातीलाच सगळ्यांसमोर आवाज दिला, “जपून हं वहिनी!” ती गोड हसली. इतकं गोड हसताना तिला घरच्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

दुपारपर्यंत तिनं त्याला पुढे राहू दिलं. खिंडीचा चढ लागला, त्याचा दम तुटायला लागला, आणि ही बाजूनं वर निघाली. त्याच्याकडे पाहिलंही नाही. उतार उतरली, फाटक उघडलं, पलीकडे गेली, वळली आणि गजावर हात ठेवून उभी राहिली. कुंपणाशी मेंढ्या राखणारी म्हातारी पाय पसरून बसली होती, तिनं हात हलवला.

चॅम्पियन वळणावर दिसला. सुसाट येत होता. ढकलायचं ठरलं होतं, अगदी ठरलं होतं, खोटं कशाला सांगू? फक्त आधी त्याच्या डोळ्यांत पाहायचं होतं, जसं त्यानं पाहिलं होतं तसं.

तिनं पाहिलं. त्यानं तिचा गजावरचा हात पाहिला, आणि त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. दोन्ही ब्रेक त्यानं जिवाच्या आकांतानं आवळले. मागचं चाक उचललं गेलं, आणि चॅम्पियन हँडलवरून उडून फाटकाच्या अलीकडे मातीत तोंडावर पडला.

फाटक सताड उघडं होतं.

“अरे बाबा,” म्हातारी ओरडली, “तिनं फाटक धरलंय की तुझ्यासाठी! ब्रेक कशाला मारलास?”

“मला वाटलं, वहिनी...” तो उठता उठता बोलून गेला.

“काय वाटलं, भाऊजी?”

मागून आणखी दोघं जण आले होते. चॅम्पियनला पडलेलं पाहून तेही थांबले. तो अंगावरची माती झटकायला लागला. म्हातारी पुटपुटली, “खाई त्याला खवखवे.”

“हाड मोडलं का?” इस्त्रीनं विचारलं.

“नाही.”

“माझं मोडलं होतं.” तिनं गजावरचा हात काढला. फाटक होतं तिथेच राहिलं, तसूभरही हललं नाही. ते सगळ्यांनी पाहिलं आणि त्यानंही पाहिलं. मग ती सायकलवर बसली.

“सगळे आले की फाटक लावून या, भाऊजी,” ती म्हणाली. “आणि घरी गेल्यावर तुमच्या दादांना वाऱ्याचं तेवढं सांगा. मी सांगून त्यांना पटलं नव्हतं.”