कमी मिठाच्या मिरच्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सांडगी मिरच्या भरणं. काटेवाडीतल्या आमच्याच रानातल्या मिरच्या. मी चिरा देत होतो, शेवंता मेथी-धण्याचं सारण भरत होती. तिला मीठ बंद, म्हणून चव बघायला चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवलं.

"बघा."

"कमी हाय."

"आसू द्या. तुमचंबी वय झालंय. गाव आबा म्हणतंय आता."

शेवंता माझी बायको. तिला जाऊन महिना होऊन गेला...

बीपी निघाला तेव्हा बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी करायला सांगितलं. हिनं मिठाची बरणीच रिकामी केली आणि शेंदेलोण आणलं. कळंबच्या माहेरापासून एकादशीला तेच खायची. उपासाला चालतं म्हणजे ते मीठच न्हाय, असं तिला वाटायचं. मलाही. मग भाजीत, ताकात, सगळीकडं सढळ हातानं तेच. पुढच्या खेपेला बीपी होता तिथंच.

"काकू, मीठ सोडलं ना?"

"सोडलं की! निस्तं शेंदेलोण खाती."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, तेही मीठच. देवाला चालत असेल, रक्ताला नाही चालत."

परतताना एसटीत ती म्हणाली, "मंग उपासाला खाऊ काय, माती?"

पण त्यानंतर तिनं जीभ आवरली. अळणीच खाल्लं. मीही तिच्याबरोबर तेच खायचो. घशाखाली उतरायचं न्हाय, पण तिच्यासमोर बसून चवीचं खाणं त्याहून जड गेलं असतं. तिला ते बघवेना. "तोंडी लावायला तरी काय तरी पायजे तुमास्नी," म्हणून ह्या मिरच्या. बीपी उतरायला लागला होता. वाटलं, आता निभावलं...

सकाळी मिरच्या भरल्या, दुपारी ती चुलीपुढंच कलंडली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. मेंदूतली शीर फुटली म्हणाले. वाढलेल्या बीपीनं शिरा कधीच्याच खराब झाल्या असतील, असंही म्हणाले. दिवस मावळताना अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. मिरच्यांचं पातेलं झाकलेलं तसंच होतं. मी उचललं.

भावजय म्हणाली, "आबा, सुतकात कसलं वाळवण?"

"बुरशी लागंल."

एका मिरचीतलं सारण काढून जिभेवर ठेवलं. मीठ कमीच होतं. शेंदेलोणाची बरणी हाताशी होती. वरनं घातलं न्हाय. तशाच नेऊन उन्हात मांडल्या.