शांताचा पायबंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. सांगायला बसलो की भलतंच काही लिहीत सुटतो. आताही पहिला कागद फाडला.

माझा थोरला भाऊ चामोर्शीत वरातीच्या घोड्या तयार करायचा. नवरदेवाचे डोळे मुंडावळ्यांआड, कानाशी बँड. तो धडपडत चढतो, तेव्हा घोडीनं जागचं हलायचं नाही — एवढंच तिला शिकवायचं. रिकिबीत पाय द्यायचा, अंगाचा भार टाकायचा. हलली की उतरायचं, मूळ जागी आणायचं, पुन्हा पाय द्यायचा. किती वेळा? भाऊ कधी मोजत नसे. एका घोडीचं नाव त्यानं शांता ठेवलं होतं. हाका मारून मारून तरी शांत होईल, म्हणायचा.

त्या वर्षी तो मलेरियानं खाटेला खिळला आणि शांता माझ्याकडे आली. मी शाळेत मराठी शिकवतो. माणूस धीराचा आहे, असं सगळे समजतात. खोटं आहे. माझा धीर पुस्तकापुरता. मी पाय दिला की ती एक पाऊल पुढे जायची. मागे आणायचो — पुन्हा तेच. रोजची सकाळ अशीच जायची, आणि मला वाटायचं, हे जनावर मुद्दाम करतंय. माझ्याशीच करतंय.

एके दिवशी मी तिच्या पुढच्या पायांत पायबंद घातला — आखूड दोर, बस. चढायला गेलो, ती पुढे निघाली आणि गुडघ्यांवर आपटली. दुसऱ्यांदाही. मग उभी राहिली. थरथरत होती — पण उभी होती. मध्ये भाताच्या तणसाचा ढीग होता. ओसरीवरच्या खाटेवरून भाऊला तिचे पाय दिसत नव्हते.

"जमलं नं बे मास्तर!" तो हसला. "मले वाटे, तू तिले धडाच वाचून दाखवतं का काय!"

तेव्हा सांगायला काय झालं होतं? मीही हसलो. दोर काढून खुंटीला टांगला आणि घोडी शिकली म्हणून त्याच्या हवाली केली.

वरातीत नवरदेवाआधी तो स्वतः एकदा चढून बघायचा. बरा झाल्यावर, शांताच्या पहिल्या वरातीतही चढायला गेला. रिकिबीत पाय पडताच शांता उधळली. भाऊचा खुबा मोडला.

"घोडीचा दोष नाई," तो म्हणत राहिला. "माह्याच हात गेला. तिच्या अंगातलं भेव मले समजलंच नाई."

ते भेव कुणी घातलं होतं? पोंभुर्ण्याहून लोक घोड्या शिकवायला घेऊन यायचे. तो लंगडत बाहेर येऊन, आता हात राहिला नाही म्हणून त्यांना परत पाठवायचा. मी त्याच ओसरीवर पुस्तक उघडून बसलेलो असायचो. एक वाक्य पुरलं असतं. दिवसभर वर्गात मी वाक्यंच तर बोलतो.

मागच्या महिन्यात भाऊ गेला. मार्कंड्याला नदीवर त्याची राख सोडून परतताना एक जुना बँडवाला म्हणाला, "लय चांगला हात होता भाऊचा. शेवटी मात्र तो हात गेला."

मी मान डोलावली.