काकांच्या परसातले टोमॅटो

टोमॅटोच्या पाल्याचा वास आला की मला अजून संगमनेरचे आमचे शेजारी काका आठवतात. रोज सकाळी चहाआधी ते परसात वाकून, खोड आणि पानाच्या बेचक्यातली कोवळी फूट नखाने खुडत असायचे.

"नुसता पाला वाढून काय उपेग? फूट काढली की फळ मोठं हुतं," असं पुटपुटायचे.

काकू ओट्यावरून म्हणायच्या, "कशाला तोडताय? वाढू द्या की जरा."

काका ऐकायचे नाहीत आणि काकूही सांगायचं थांबवायच्या नाहीत. आम्हाला त्या बोलण्यानेच जाग यायची.

एका हिवाळ्यात, रोपं गुडघ्याएवढी झालेली असताना काकू अचानक गेल्या. त्यानंतरही काका सकाळी परसात जायचे, पाणी घालायचे, पण फूट खुडायचे नाहीत. रोपं माजली, कुंपणावरून आमच्याकडे आली. काकांनी ती काकूंच्या जुन्या साडीच्या पट्ट्यांनी हळूच बांधून घेतली. टोमॅटो लागले ते बोराएवढे.

त्यातले वाटीभर माझ्या हातात देत ते म्हणाले, "बारीक हायेत. यंदा तिचं ऐकलं."

त्या दिवशी सार फार आंबट झालं होतं, तरी आमच्या घरात कोणी साखर मागितली नाही.