प्लायवूडच्या दोन्ही बाजूंचे पंख

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या ट्यूबलाइटच्या कव्हरात किडे जमतात ना, तसे ते जमतात. आमंत्रण कुणी दिलेलं नसतं, आत शिरताना कुणी बघितलेलं नसतं. दिवाळीच्या साफसफाईला कव्हर उघडलं की ओंजळभर पंख!

मी परतूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे एकच लांबलचक हॉल, मधोमध प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडे माझे किडे, पलीकडे फिजिक्सच्या खरात सरांची विमानं. सर थर्माकोल, बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद घेऊन वर्षभर काही ना काही उडवत असतात. दोन्ही बाजू सांभाळायला एकच लॅब अटेंडंट, सलीमभाई. आणि सगळ्यांच्या डोक्यावर प्राचार्य. एवढीच मंडळी. पण पंख या एका विषयावरून आमच्यात जेवढं बोलणं झालंय, तेवढं पगारवाढीवरून पण झालेलं नाही.

*

पार्टिशन छतापर्यंत पोचत नाही, हे सगळ्याचं मूळ.

एकदा मी अलीकडे चतुराचा, पाण्यावर भिरभिरणाऱ्या त्या किड्याचा, पंख शिकवत होते. "हा नुसता पारदर्शक कागद नाही बरं का. या शिरा बघा. यातून किड्याचं रक्त फिरतं. ते थांबलं की पंख वाळल्या पानासारखा ठिसूळ होतो."

त्याच वेळी पलीकडे खरात सर. त्यांचा आवाज असा, की स्टेशनवरच्या माणसाने वळून बघावं. "विमानाचा पंख पोकळ असतो! पोकळ म्हणजे रिकामा न्हाई! त्यात इंधन भरलेलं असतं!"

पुढे चाचणी झाली. एका मुलीने माझ्या पेपरात लिहिलं, "चतुराच्या पंखात इंधन भरलेले असते." आणि त्याच मुलीने सरांच्या पेपरात लिहिलं, "विमानाच्या पंखातील शिरांमधून रक्त वाहते."

मी शून्य दिलं. सरांनी अर्धा मार्क दिला.

"सर, अर्धा कशाचा?"

"मॅडम, माल एकदम बराबर आहे. फक्त ट्रक चुकीच्या गोदामाला लागला!"

*

चतुराचा पंख लांबून सपाट दिसतो. भिंगाखाली धरला की कळतं, त्याला कागदी पंख्यासारख्या बारीक घड्या असतात. म्हणून तर एवढा पातळ असून वाऱ्यात मोडत नाही.

हे समजावायला मी दोन पुस्तकांवर एक कोरा कागद आडवा ठेवला आणि त्याच्यावर डस्टर. कागद डस्टरसकट खाली. मग त्याच कागदाच्या पुढे-मागे घड्या घातल्या, परत ठेवला. डस्टर आरामात बसला! मुलं खूश. सलीमभाई दारात उभे राहून बघत होते.

"मॅडम, इतकं लांबण कशाला? सीधं सांगा ना, पत्र्याचं शेड हाये!"

खरंच की! आपला नालीदार पत्रा म्हणजे तेच. दुसऱ्या वर्षीपासून मी तसंच शिकवायला लागले. मुलांच्या डोक्यात पक्कं बसलं. जरा जास्तच पक्कं. यंदा एकाने चतुराची सुबक आकृती काढली, चार पंख, शिरा, घड्या, सगळं जागच्या जागी. आणि पंख जिथे पाठीला जोडले होते तिथे नटबोल्ट!

*

चतुराच्या प्रत्येक पंखाच्या टोकाशी, पुढच्या काठाला, एक छोटा गडद ठिपका असतो. तो शोभेचा नाही. तिथे थोडं वजन जास्त असतं, त्यामुळे चतुर वाऱ्यावर तरंगत असताना पंख थरथरत नाही.

खरात सरांचं एक ग्लायडर होतं, फार देखणं, पण वेग घेतला की त्याच्या पंखांना थरथर सुटायची. मी त्यांना चतुर दाखवला. सरांनी दोन मिनिटं भिंगातून बघितलं, पलीकडे गेले आणि दोन्ही पंखांच्या टोकाजवळ एम-सीलची काळपट गोळी चिकटवून आले. थरथर बरीच कमी झाली!

तेवढ्यात प्राचार्य राउंडला आले. पांढऱ्याशुभ्र पंखांवर ते दोन डाग बघून त्यांच्या कपाळाला आठी. "खरात सर, एवढं सुंदर विमान, आणि हे काय? तीट लावली का बाळाला?"

"हो सर."

"नजर कुणाची लागणार आहे त्याला?"

"वाऱ्याची!"

*

हा किस्सा कॉलेजबाहेरचा आहे, पण सरांना आणि सलीमभाईंना मी तो इतक्यांदा सांगितलाय, की आता तो स्टाफरूमचाच झालाय.

माझी थोरली बहीण, अक्का, कुंभार पिंपळगावला असते. तिच्या मुलाचं लग्न ठरलं आणि बस्ता बांधायला आम्ही जालन्याला गेलो. तिथल्या मस्तगड भागात एका दुकानात गादीवर बसलो. दुकानदाराने एक धूपछाव साडी उलगडली. अशी धरली की मोरपंखी, तशी धरली की जांभळी.

आता मला राहवलं असतं तर मी शिक्षिका कशाला झाले असते?

"अक्का, काही फुलपाखरांच्या पंखाचं असंच असतं बघ. आपल्याला निळा दिसतो ना, तो निळा रंग पंखात नसतोच! पंखावर कौलांसारखे बारीक बारीक खवले असतात, एकावर एक. त्यांची ठेवण अशी, की उजेडातला फक्त निळा तेवढा परत फिरतो. म्हणून फुलपाखरू धरलं की बोटाला भुकटी लागते. ते खवले निघाले की तिथली सगळी शोभा गेली. खाली नुसता काचेसारखा पंख."

शेजारच्या गादीवरच्या दोन बायका बस्ता सोडून माझ्याकडे बघायला लागल्या.

अक्का म्हणाली, "तू साडी घ्यायला आली का तास घ्यायला?" आणि मग साडी बोटांनी चोळून तिने दुकानदाराकडे संशयाने बघितलं. "म्हंजे हा रंगबी खरा न्हाई का?"

दुकानदाराचा चेहरा पडला. एवढ्या मोठ्या बस्त्याचं गिऱ्हाईक माझ्या एका व्याख्यानात हातचं जायला लागलेलं! पण माणूस पिढीजात दुकानदार. त्याने साडीची घडी शांतपणे पुन्हा उलगडली.

"ताई, फुलपाखराचं मॅडम सांगतात ते बिलकुल बराबर. ते उडतं, अन् त्याचा रंगबी उडतो. आपली साडी उडत न्हाई, अन् रंगबी उडत न्हाई!"

*

प्राचार्यांनी नवी गाडी घेतली आणि तिच्यासोबत ऊन अडवायचा तो चंदेरी पडदा आला. पिशवीतून काढला की टपकन उघडतो आणि अख्ख्या काचेवर बसतो. काढायला सोपा. घडी घालायची म्हटली की संपलं! पीळ दिला की एक बाजू वळते, दुसरी कानफटात बसते. कॉलेज सुटलं की प्राचार्य पार्किंगमध्ये त्या पडद्याशी झुंजायचे आणि बारावी सायन्सची पोरं वरच्या खिडकीतून बघायची. शेवटी पडदा तसाच मागच्या सीटवर कोंबून ते घरी जायचे.

एके दिवशी ते माझ्या तासाला मागे येऊन बसले. मी ढालकिडा शिकवत होते. कपाशीवर मावा खाणारा, पाठीवर ठिपके असलेला, तोच.

"वरची ती टणक लाल ढाल म्हणजे झाकणं," मी सांगत होते. "उडायचे पंख त्याच्या खाली. ते पूर्ण शरीरापेक्षा लांब असतात. उडताना झाकणं बाजूला होतात, पंख झटक्यात उघडतात. आणि खाली बसला की हाताची मदत नाही, काही नाही, तेवढे मोठे पंख व्यवस्थित घड्या पडून झाकणाखाली जातात. दोन-तीन सेकंदांत."

मुलं वह्यांत लिहीत होती. मागच्या बाकावरून प्राचार्य उठले. चेहऱ्यावर हसू नाही, काही नाही.

"मॅडम, तास झाला की त्या किड्याला जरा पार्किंगमध्ये पाठवा."

*

खरात सरांचं सगळ्यात मोठं विमान म्हणजे घारीच्या घाटाचं ग्लायडर. लांब पंख, टोकाला बोटांसारखी पिसं कापलेली, वरून तपकिरी रंग. पावसाळा संपल्यापासून ते त्याच्यामागे होते. गावाबाहेरच्या माळावर उडवायला गेले, तर सोबत सलीमभाई, मी आणि अर्धी बारावी.

सरांनी धावत जाऊन सोडलं. काय गेलं ते! वाऱ्यावर चढलं, वळलं, परत चढलं. पोरांनी शिट्ट्या मारल्या. सर मात्र तोंड उघडं ठेवून वर बघत उभे.

तेवढ्यात विजेच्या तारेवरून एक कोतवाल पक्षी उठला. काळाकुट्ट, दुभंगलेल्या शेपटीचा, मुठीएवढा जीव. पण घार दिसली की सोडत नाही, आपल्या हद्दीबाहेर घालवूनच येतो. तो सरळ सरांच्या विमानावर! एक चोच, दुसरी चोच. पतंगाचा कागद टराटरा फाटला. विमान गिरक्या घेत शेजारच्या तुरीत.

एवढ्या दिवसांची मेहनत! मला वाटलं, आता सर खाली बसतात की काय. आम्ही तुरीतून सांगाडा शोधून आणला. पंखाला भलंमोठं भोक.

सरांनी त्या भोकातून हात घालून बघितला आणि चेहरा असा खुलला, की मुलगी पास झाल्यावर बापाचा खुलावा.

"सलीमभाई, पाहिलं का? कोतवालाला खरी घार वाटली!"

सलीमभाई म्हणाले, "सर, अब कागद मत चिपकाना. ये तो पास झाल्याचा शिक्का हाये!"

ते ग्लायडर अजून पार्टिशनवर टांगलेलं आहे. भोकासकट.

*

खरात सर विमान शिकवतात, विमानं बनवतात, पण विमानात बसत नाहीत, हे आम्हाला फार उशिरा कळलं. दिल्लीला ट्रेनिंग निघालं तेव्हा बाकी सगळे विमानाने गेले, सर रेल्वेने. "खिडकीतून रानं बघायला मिळतात," म्हणाले. आम्हाला ते खरं वाटलं होतं.

मागच्या हिवाळ्यात सरांच्या मुलीला बंगळुरूला मुलगी झाली. सरांचे वडील, बापू, ऐंशीच्या पुढचे. उभा जन्म मेंढरांमागे गेलेला. खुब्याचं हाड मोडून नुकतेच काठी धरून चालायला लागले होते. त्यांनी एकच धरलं, पणती बघायची. "डोळ्याला दिसून राह्यलं तंवर दाखव मला." रेल्वेचा एवढा लांबचा प्रवास डॉक्टरांनी साफ नको म्हणून सांगितला. मुलीने तर संभाजीनगरहून दोघांची विमानाची तिकिटं काढून मोबाइलवर पाठवलीसुद्धा.

त्या आठवड्यात सरांचा पार्टिशनपलीकडून आवाजच येईना. सलीमभाईंनी विचारलं, "सर, तबियत बरी न्हाई का?"

सर म्हणाले, "तबियत बरी आहे. बुधवारी विमान आहे."

पुढचं सगळं सरांनी परत आल्यावर स्वतः सांगितलंय. चहा हातात धरून, अगदी सरळ, एखादा प्रयोग सांगावा तसं.

जागा नेमक्या पंखावरच्या मिळाल्या. बापू खिडकीशी, सर त्यांच्या शेजारी. विमान धावपट्टीवर वळेपर्यंत सर ठीक होते. "बापू, ते बघा, पंखाचा मागचा भाग खाली सरकून राह्यला. चढताना वारा जास्त धरावा लागतो त्याला." बापू "हां" म्हणाले. विमान उठलं. सरांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली. बापू खाली बघून म्हणाले, "रान कसं चादरीवानी दिसून राह्यलं." वर गेल्यावर सरांना जरा दम आला. पाणीसुद्धा प्यायले.

मग ढग लागले. विमान हादरायला लागलं. पट्टे बांधायला सांगितलं. मागे कुणाचं तरी लेकरू रडायला लागलं. वरची कपाटं खडखडली. सरांनी डोळे गच्च मिटले आणि बापूंचं मनगट पकडलं. असं पकडलं, की नंतर बापूंच्या हातावर वळ होता.

बापू खिडकीतूनच बघत होते.

"किसन, पंख हलून राह्यला."

"हलू द्या बापू," सर डोळे मिटूनच म्हणाले.

"लई हलून राह्यला. टोक पार वर जातंय, खाली येतंय."

"हलायलाच पाह्यजे त्यानं. ताठ राह्यला तर मोडून जाईल. लवतो म्हणून टिकतो. तसाच बनवतात त्याला."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायचं काय त्यात? मीच शिकवतो पोरांना. दर वर्षी."

विमान अजून एकदा खाली गेलं, वर आलं. सरांची पकड आणखी घट्ट झाली. मग बापूंनी दुसरा हात त्या हातावर ठेवला.

"मंग डोळे उघड की. का इतके दिवस पोरांना खोटं शिकवून राह्यला व्हता?"