ठिपके कुठे चालले?

माझ्या साडूइतका डोकं खाणारा माणूस उरणपासून अलिबागपर्यंत शोधून सापडणार नाही, आणि हा तर खरोखरच लोकांच्या डोक्यांवर जगतो. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत तो माणसाच्या कानामागे चुंबकाचं कॉइल धरतो. ते टकटक करतं, मेंदूचा एवढासा भाग क्षणभर गोंधळतो, आणि समोरच्या पडद्यावरचे ठिपके डावीकडे चालले की उजवीकडे, हे त्या माणसाला सांगता येत नाही. झालं! एवढ्यासाठी शिकून शिकून याचे केस गेले.

यंत्र घरी आणता येत नाही हे आमचं नशीब. पण ठिपके तो लॅपटॉपमध्ये घालून गावभर फिरतो. मेव्हण्याच्या हळदीत डीजे दणाणत असताना याने मांडवात लॅपटॉप उघडून नवरदेवाच्या मामालाच धरलं. मामा झुलत म्हणाला, "आधी ह्यो मांडव फिरायचा थांबव, मंग ठिपक्यांचा बघू." मी चहा ओतायला घेतला तर हा ओरडला, "दादा, धार पडताना दिसते की नुसती टांगलेली?" मी दचकलो आणि चहा मांडीवर. धार पडते हे मला चांगलंच कळलं.

"दादा, एकदा डोकं द्या ना," हे तीन वर्षं चाललं होतं. मी बंदरावर कंटेनरचा ट्रेलर चालवतो. डोक्याशी खेळ मला परवडत नाही. शेवटी बायकोच्या कटकटीला कंटाळून त्याच्या प्रयोगशाळेत गेलो. दुखलंबिखलं काही नाही. पण ठिपके दिसत होते आणि कुठे चाललेत तेच कळेना. मला! आरशात बघून चाळीस फुटी ट्रेलर मागे घेणाऱ्या मला!

"हे काय रे?" मी घाबरून विचारलं.

"आईला दिवसभर असंच दिसतं, दादा," तो हळूच म्हणाला.

त्याच्या आईला, आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो, मेंदूचा झटका येऊन गेला होता. हातपाय सुधारले, पण हलणारी वस्तू हलताना दिसेना. रस्त्यापलीकडे तिची मासे विकायची जागा. जन्मभर स्वतःच्या पायांनी गेली. आता दारात बसून म्हणायची, "सगले ट्रेलर उभेच दिसतान, आनि मंग एकदम अंगाव." म्हातारी घाबरट झाली, असं आम्ही म्हणायचो. मीही म्हणायचो. त्याची मला आज लाज वाटते.

"तुझ्या यंत्राने बरी होईल?"

"न्हाय दादा. तिला काय दिसतं ते तरी आपल्याला कळंल."

आता तिच्या दारापाशी आलो की मी ट्रेलर रस्त्यात आडवा लावतो आणि खाली उतरतो. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. बोंबलू देत. मावशी टोपली घेऊन कडेला येते, ट्रेलरकडे बघते, मग माझ्याकडे.

"नक्की उभा हाय ना रं?"

"उभाच हाय, मावशी. या."

हात धरू देत नाही. ती पलीकडे पोचली की मी साडूला फोन करतो. पहिला प्रश्न, "पाऊल टाकायला किती सेकंद लागले?" कपाळ माझं! मी वैतागून फोन ठेवणार, तेवढ्यात तो विचारतो, "एकटी गेली?"

रोज तेच विचारतो, आणि उत्तर ऐकल्याशिवाय फोन ठेवत नाही.

"एकटीच गेली रे," मी सांगतो.